सोलापुरी चादरीचे जुने चित्रण: क्लिप्सच्या मांडणीच्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

सोलापूरच्या पूर्व भागात अनेक वर्षे लग्नाचे चित्रण करणाऱ्या एका काकांनी आपल्याजवळच्या मिनी डीव्ही (छोट्या फितीवर डिजिटल चित्रण साठवणाऱ्या) कॅसेटी आमच्या गटाच्या हवाली केल्या असून, आजपासून त्या कामाच्या नोंदी नियमित ठेवत आहोत. लग्नसराई नसेल त्या दिवसांत काका कॅमेरा घेऊन साखर पेठेतल्या हातमागांपासून अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतल्या यंत्रमागांपर्यंत हिंडले होते, आणि दर जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेचेही चित्रण त्यांनी केले होते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तिचे नाव देशभर माहीत आहे. पण ती विणली कशी जात होती, हे हलत्या चित्रात टिपलेले साहित्य शहरातच सहजी हाती लागत नाही. या चित्रणातून अर्ध्या तासाचा माहितीपट करायचा आहे, आणि उद्या कोणी विणकामाचा अभ्यास करू लागले तर त्यांना हवे ते दृश्य नेमके सापडावे अशी सूचीही करायची आहे. माझ्या दृष्टीने या दोहोंत सूची अधिक महत्त्वाची आहे.

पहिले काम म्हणून प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेची खिटी ‘सेव्ह’च्या बाजूला सरकवून घेतली, म्हणजे तिच्यावर चुकूनही दुसरे चित्रण होणार नाही. नंतर प्रत्येक कॅसेटवर तीन आकडी क्रमांक लिहिला. खोक्यावर काकांनी लिहिलेला मजकूर, मग तो खोडलेला का असेना, नोंदवहीत जसाच्या तसा उतरवून घेतला आणि खोक्याच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्रही काढले.

जागेचा हिशेब सोपा आहे. डीव्हीमध्ये चित्राचा प्रवाह सेकंदाला २५ मेगाबिट असतो. ध्वनी आणि इतर माहिती धरून सेकंदाला साधारण ३.६ एमबी होतात, म्हणजे एका तासाच्या कॅसेटला सुमारे १३ जीबी लागतात. दोन टीबीच्या डिस्कमध्ये आमचे सगळे चित्रण बसून बरीच जागा उरेल. डिस्क मात्र एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली हवी, कारण फॅट ३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल राहत नाही आणि डीव्हीची वीस मिनिटांची सलग फाइलसुद्धा ती मर्यादा ओलांडते.

८ फेब्रुवारी २०२५

कॅप्चरसाठी, म्हणजे फितीवरचे चित्रण संगणकात उतरवण्यासाठी, फायरवायर कार्ड (कॅमेरा थेट संगणकाला जोडण्याची सोय) असलेला जुना संगणक आणि काकांचाच कॅमेरा वापरत आहोत. फायरवायरने फितीवरची माहिती जशीच्या तशी संगणकात उतरते, तिचे नव्याने रूपांतर होत नाही. म्हणूनच हल्ली बाजारात मिळणारे स्वस्त यूएसबी कॅप्चर यंत्र वापरायचे नाही असे ठरवले, कारण ते कॅमेऱ्यातून बाहेर पडणारे अ‍ॅनालॉग चित्र घेऊन पुन्हा दाबून साठवते. त्यात चित्राचा दर्जा तर उतरतोच, शिवाय फितीवर प्रत्येक चौकटीसोबत नोंदलेली चित्रणाची तारीख, वेळ आणि टाइमकोड (फितीवरची नेमकी जागा दाखवणारा आकडा) ही सगळी माहिती कायमची गळून पडते. मांडणीच्या दृष्टीने हे दुसरे नुकसान मोठे आहे.

विनडीव्ही हा छोटासा मोफत प्रोग्राम नेमक्या याच माहितीचा उपयोग करतो. दोन लगतच्या चौकटींच्या वेळेत ठरवून दिल्यापेक्षा अधिक अंतर दिसले, म्हणजे काकांनी तेथे कॅमेरा थांबवून पुन्हा चालू केला असे मानून तो नवी फाइल सुरू करतो आणि तिच्या नावात चित्रणाची तारीख-वेळ घालतो. अंतराची मर्यादा आम्ही एक सेकंद ठेवली आहे. नावाच्या सुरुवातीला कॅसेटचा क्रमांक, पुढे वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट असा क्रम ठेवला. वर्ष आधी असल्यामुळे फाइली नावाने लावल्या तरी त्या काळाच्या क्रमानेच लागतात. नावात रोमन अक्षरे, आकडे आणि अधोरेषा यांखेरीज काहीही नसेल. दृश्यात काय आहे याचा एक शब्दही फाइलीच्या नावात घालायचा नाही, हा नियम आजच कागदावर लिहून भिंतीवर लावला.

१२ फेब्रुवारी २०२५

संपादन अ‍ॅडोबी प्रीमियर प्रोमध्ये होणार आहे. क्लिप्स आत घेण्याआधी प्राधान्यक्रमांतल्या (प्रेफरन्सेस) ‘मीडिया’ या विभागातला एक पर्याय आठवणीने बंद केला. फाइल आत घेताना तिच्यावर एक्सएमपी ओळखक्रमांक लिहिण्याची सोय तेथे असते, आणि काही प्रकारच्या फाइलींत ही माहिती वेगळ्या फाइलीत न जाता मूळ फाइलीतच लिहिली जाते. एरवी यात काही बिघडत नाही. पण मूळ फाइली पुढच्या काळासाठी जपायच्या आहेत, त्यांचा चेकसम (फाइलीत काहीही बदलले तर बदलणारा पडताळणीचा आकडा) आम्ही कॅप्चर होताच काढून ठेवला आहे आणि तो वर्षानंतरही जुळला पाहिजे. त्यामुळे फाइलींचे फोल्डरच ‘फक्त वाचण्यासाठी’ करून ठेवले आणि माहितीच्या सगळ्या नोंदी प्रोजेक्टमध्ये व आमच्या स्प्रेडशीटमध्ये राहतील अशी व्यवस्था केली.

येथे नव्याने काम शिकणाऱ्या मुलांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवतो. प्रोजेक्टच्या फाइलीत चित्रण नसते. कोणती फाइल कोणत्या ठिकाणी आहे याचा पत्ता आणि तिच्याविषयीच्या नोंदी एवढेच तिच्यात असते. म्हणून प्रोजेक्ट पॅनेलमध्ये क्लिपचे नाव बदलले तरी डिस्कवरच्या फाइलीचे नाव बदलत नाही, आणि उलट डिस्कवर फाइलीचे नाव किंवा जागा बदलली तर प्रीमियरला ती सापडत नाही व क्लिप ‘ऑफलाइन’ दिसू लागते. पत्ता पुन्हा जोडून देता येतो, पण शेकडो क्लिप्स असताना ते काम जिकिरीचे होते. डिस्कवरच्या फोल्डरांना हात लावायचा नाही. जी काही मांडामांड करायची ती प्रोजेक्टच्या आत.

१७ फेब्रुवारी २०२५

आज मांडणीचा मूळ प्रश्न चर्चेला आला आणि त्यावर जवळजवळ सगळी दुपार गेली. गटातल्या एका विद्यार्थिनीने विषयवार बिन्स (प्रोजेक्टच्या आतले क्लिप्सचे फोल्डर) करून आणल्या होत्या: हातमाग, यंत्रमाग, रंगणी, जॅकार्ड, मुलाखती, यात्रा, इतर. लग्नाचे चित्रण करणारे स्टुडिओ अशीच मांडणी करतात आणि त्यांच्यासाठी ती योग्यही आहे. हळद, लग्न, वरात असे भाग ठरलेले असतात, प्रत्येक क्लिप कोणत्या तरी एकाच भागात बसते आणि कॅसेट दिल्यावर काम संपते. आमच्या चित्रणाचे तसे नाही. एकाच क्लिपमध्ये काका कारखान्याच्या दारातून आत जातात, कांड्या (आडव्या धाग्याच्या नळ्या) भरणाऱ्या बाईपाशी थांबतात, तिथून जॅकार्डच्या (नक्षी विणणाऱ्या यंत्रणेच्या) पुठ्ठ्यांच्या माळेवर कॅमेरा नेतात आणि शेवटी मालकांना दोन प्रश्न विचारतात. ही क्लिप कोणत्या बिनमध्ये ठेवायची? चारही ठिकाणी तिच्या प्रती ठेवल्या, तर एका प्रतीवर लिहिलेली नोंद दुसरीवर येईलच याची खात्री राहत नाही. एकाच ठिकाणी ठेवली, तर उरलेल्या तीन ठिकाणी शोधणाऱ्याला ती कधीच भेटत नाही.

मी मांडलेली आणि शेवटी सर्वांनी मान्य केलेली पद्धत अशी: खऱ्या बिन्स कॅसेटवार राहतील. एका कॅसेटची एक बिन आणि तिच्यात त्या कॅसेटच्या क्लिप्स फितीवर होत्या त्याच क्रमाने. क्लिपची ही जागा कायमची. ती कोणीही, कितीही सोयीचे वाटले तरी, दुसऱ्या बिनमध्ये हलवायची नाही. विषयाप्रमाणे लागणारे गट सर्च बिनच्या रूपात करायचे. सर्च बिनमध्ये क्लिप हलत नाही; ठरवून दिलेला शब्द ज्या क्लिपच्या नोंदीत असेल ती क्लिप तेथे दिसते, आणि नवी क्लिप त्या अटीत बसू लागली की आपोआप येऊन मिळते. म्हणजे दारातून आत जाणारी ती क्लिप ‘कांडी’, ‘जॅकार्ड’ आणि ‘मालकांची मुलाखत’ या तिन्ही सर्च बिन्समध्ये दिसेल, पण तिचे घर एकच राहील.

विद्यार्थिनीचा आक्षेप असा होता की, नोंदी लिहीपर्यंत सर्च बिन्स रिकाम्याच राहतील, आणि तो रास्त आहे. या पद्धतीत आधी कष्ट आहेत. विषयवार बिन्समध्ये क्लिप ओढून टाकली की काम झाल्यासारखे वाटते; येथे प्रत्येक क्लिप शेवटपर्यंत पाहून तिच्याविषयी लिहावे लागते. पण ज्या चित्रणाची सूची करायची आहे ते न पाहता सूची होणार कशी, हा माझा प्रश्न आहे. फितीवरचा क्रम हीसुद्धा माहितीच आहे, आणि ती एकदा मोडली की पुन्हा जुळवता येत नाही.

२४ फेब्रुवारी २०२५

नोंदींचे रकाने ठरले. ‘टेप नेम’मध्ये कॅसेटचा क्रमांक, ‘डिस्क्रिप्शन’मध्ये पूर्ण वाक्यांत वर्णन, ‘लॉग नोट’मध्ये ठरलेले शोधशब्द, ‘कॉमेंट’मध्ये तारखेचा पुरावा आणि बोलणाऱ्याची भाषा. शेवटची गोष्ट सोलापुरात टाळून चालत नाही, कारण एकाच कारखान्यात मागावरचे कामगार तेलुगूत, हिशेब ठेवणारे कानडीत आणि काका मराठीत बोलताना ऐकू येतात.

शोधशब्दांवर अपेक्षेपेक्षा अधिक विचार करावा लागला, कारण मराठीत शब्द वाक्यात आला की त्याचे रूप बदलते. ‘धोटा’ (मागावर आडवा धागा नेणारे साधन) असे शोधले तर ‘धोट्याची हालचाल’ असे वर्णन असलेली क्लिप सापडत नाही. म्हणून शोधशब्द नेहमी मूळ रूपात, एकवचनी, प्रत्यय न लावता लिहायचे ठरले. शब्दाचा नुसता तुकडा शोधणे हा त्यावरचा उपाय नव्हे. ‘माग’ एवढेच शोधले की ‘मागील बाजूने’, ‘मागणी’, ‘मागे उभे असलेले’ अशी वर्णने असलेल्या क्लिप्सही गोळा होतात; ‘काठ’ शोधले की चादरीच्या काठाबरोबर यात्रेतल्या काठ्या आणि तलावाकाठची दृश्येही येतात. त्यामुळे दोन निर्णय घेतले. सर्च बिन सगळ्या नोंदींत न शोधता केवळ ‘लॉग नोट’ या रकान्यात शोधेल. आणि त्या रकान्यात नुसते ‘माग’ कधीही लिहायचे नाही, ‘हातमाग’ किंवा ‘यंत्रमाग’ असे पूर्ण लिहायचे. चादरीसाठी ‘चादरकाठ’ आणि यात्रेसाठी ‘नंदीध्वज’ हे शब्द नक्की केले.

टंकनाचाही एक बारकावा येथे नोंदवणे आवश्यक आहे. ‘दोऱ्या’ हा शब्द संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात. दुसऱ्या प्रकारात साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ते दोन निरनिराळे शब्द असतात, आणि एक शोधला तर दुसरा मिळेलच असे नाही. गटात कोणी फोनवर, कोणी लॅपटॉपवर टंकन करते, त्यामुळे हा फरक पडणारच. सर्व शोधशब्दांची यादी एकाच फाइलीत करून ठेवली आहे; शब्द हाताने न टंकता त्या यादीतूनच उचलायचा.

२ मार्च २०२५

यंत्रमागांच्या कॅसेटींचे वर्णनाचे रकाने आम्ही मुद्दाम रिकामे ठेवले होते आणि आज लॅपटॉप घेऊन साखर पेठेतल्या एका निवृत्त जॉबर आजोबांकडे गेलो. त्यांनी हयातभर यंत्रमागांची जोडणी आणि दुरुस्ती केली आहे. चित्रणाची सूची करताना चित्रण जाणणारी माणसे लागतात, त्याहून अधिक त्यातले काम जाणणारी लागतात, याविषयी माझ्या मनात आता काही शंका उरलेली नाही.

एका क्लिपमध्ये यंत्रमाग चालू असताना एकदम थांबतो, कामगार पुढे होतो, आणि काकांनी तेथेच कॅमेरा बंद केलेला आहे. पाहणाऱ्याला वाटते की, कॅमेरा आला म्हणून कामगाराने माग बंद केला. आजोबांनी पडद्याकडे पाहण्याआधी आवाज ऐकला आणि म्हणाले, “त्यानं बंद केला नाही ओ, कांडी सरली त्याची. बाणा गेला की माग आपला आपण थांबतो.” मग त्यांनी क्लिप मागे घ्यायला लावली आणि शेवटच्या दोन-तीन फेऱ्या एकेक चौकट पुढे सरकवत दाखवल्या: ताण्याचे, म्हणजे उभे, धागे वर-खाली होऊन मध्ये वाट उघडते, धोटा या बाजूने त्या बाजूला जातो, फणी पुढे येऊन ठोका देते, पण शेवटच्या खेपेस धोट्यामागे धागाच नाही. बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला किंवा संपला की माग थांबवणारी यंत्रणा त्या क्षणी काम करते, म्हणून तो थांबला. कॅसेटवरची पुढची क्लिप कांडी बदलण्याची आहे आणि तिच्या पुढची पुन्हा चालू झालेल्या मागाची. वेगवेगळ्या पाहिल्या तर या तीन क्लिप्स मोघम वाटतात. ओळीने पाहिल्या तर एका कामाचा पूर्ण फेरा दिसतो. तिन्हींच्या ‘लॉग नोट’मध्ये ‘कांडी बदल’ हा एकच शब्द आणि पुढे अनुक्रम घातला.

जॅकार्डच्या क्लिप्सविषयीही त्यांनी बरेच सांगितले. पुठ्ठ्याला जेथे भोक असते तेथला आकडा वर उचलला जातो आणि त्याला बांधलेले ताण्याचे धागे वर येतात, जेथे भोक नसते तेथले धागे खालीच राहतात. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याची एक फेर. त्यामुळे माळेत ओवलेल्या पुठ्ठ्यांचा क्रम म्हणजेच चादरीवरची नक्षी. पुठ्ठे ओवणाऱ्या माणसाची एक लांब क्लिप काकांनी घेतली आहे. तो दोन पुठ्ठे एकमेकांवर धरतो, उजेडाकडे करून भोके पाहतो, मग दोरी ओवतो. त्याच्या बोटांवरची ही क्लिप माहितीपटात न कापता घ्यावी अशी माझी सूचना आहे. प्रोजेक्टमध्ये तिला स्वतंत्र रंगाचे लेबल दिले.

लेबलांचा विषय निघालाच आहे तर त्यांचे अर्थही लिहून ठेवतो. रंग विषयासाठी वापरायचे नाहीत, कारण विषयासाठी सर्च बिन्स आहेत. रंग कामाच्या अवस्थेसाठी आहेत: न पाहिलेली, पाहून नोंद झालेली, जाणकाराकडून तपासलेली, आणि माहितीपटात घ्यावीच अशी.

९ मार्च २०२५

आज ज्या कॅसेटवर काम झाले तिचा क्रमांक ०२१. कॅमेऱ्याच्या घड्याळाची बॅटरी संपल्यामुळे तिच्यावर तारीख-वेळेची नोंदच नाही. साहजिकच विनडीव्हीला कोठे तोडायचे ते कळले नाही आणि पूर्ण तासाची १३ जीबीची एकच फाइल तयार झाली. ही फाइल प्रत्यक्षात तोडायची नाही. प्रीमियरमध्ये दृश्यबदल शोधण्याची सोय आहे. क्लिप सिक्वेन्समध्ये ठेवून ती चालवली की प्रोग्राम चित्रातल्या फरकावरून तोडण्याच्या जागा ठरवतो आणि प्रत्येक तुकड्याची सबक्लिप करून त्यांची बिनही करून देतो. सबक्लिप ही नवी फाइल नसते. मूळ फाइलीतल्या दोन टोकांच्या खुणा तेवढ्या तिच्यात असतात. ही सोय वेळेवरून नव्हे तर चित्रावरून ठरवते, त्यामुळे कॅमेरा झटकन फिरवला किंवा समोरून कोणी गेले तेथेही ती तोडते आणि एकसारखा उजेड असलेल्या दोन दृश्यांमधला बदल तिच्या नजरेतून सुटतो. म्हणून प्रत्येक तोड आम्ही डोळ्यांनी पाहून कायम केली किंवा काढून टाकली.

आता तारखेचा प्रश्न. कॅसेटच्या पहिल्या भागात गड्डा यात्रेतला अक्षता सोहळा आहे: पांढऱ्या बाराबंद्या घातलेले भाविक, सातही नंदीध्वज संमती कट्ट्याजवळ आलेले, हातात अक्षता घेतलेली गर्दी. तैलाभिषेक, अक्षता सोहळा, होम प्रदीपन, शोभेचे दारूकाम असा यात्रेचा क्रम ठरलेला असल्यामुळे दिवस कोणता ते कळते, वर्ष मात्र कळत नाही. दुसऱ्या भागात एका यंत्रमाग कारखान्याचे आतले चित्रण आहे, आणि तेथे मुकादमाच्या टेबलामागे भिंतीवर कॅलेंडर लटकते आहे. चौकट थांबवून, चित्र मोठे करून पाहिले तेव्हा महिन्याचे नाव वाचता आले: फेब्रुवारी. वर्षाचा आकडा ट्यूबलाइटच्या उजेडाने पुसला गेला आहे. तारखांची पाच घरे असलेल्या रविवारच्या ओळीत शेवटचा आकडा मात्र दिसतो, आणि तो २९ आहे. फेब्रुवारीची २९ तारीख रविवारी येणारे वर्ष २००४. त्याआधीचे १९७६, जेव्हा या प्रकारच्या कॅसेटी नव्हत्या. त्यानंतरचे २०३२, जे अजून यायचे आहे.

कॅलेंडरचे पान महिना उलटल्यावरही तसेच राहू शकते, म्हणून ‘कॉमेंट’मध्ये ‘फेब्रुवारी २००४ किंवा त्यानंतर लगेच, पुरावा: भिंतीवरचे कॅलेंडर’ असे लिहिले आणि त्या चौकटीचे स्थिरचित्र सोबत ठेवले. यात्रेच्या भागाविषयीचा तर्क असा आहे की, संपूर्ण कॅसेटवर टाइमकोड कोठेही न तुटता सलग चालतो. फितीवर मध्येच कोरी जागा राहिली असती तर टाइमकोड पुन्हा शून्यापासून सुरू झाला असता. म्हणजे यात्रा आधी आणि कारखाना नंतर, एकाच ओघात. संध्याकाळी काकांना फोन करून विचारले, तेव्हा ते म्हणाले, “गड्ड्याला मी दरवर्षी नवीन कॅसेट घालायचो, आणि उरलेल्या जागेत नंतर मागाचं शूट करायचो.” एवढ्यावरून अक्षता सोहळ्याचे चित्रण जानेवारी २००४ चे आहे असे लिहिता येते, आणि तसे लिहिले.

यात्रेचा भाग ‘यात्रा’ नावाच्या बिनमध्ये आणि कारखान्याचा भाग ‘यंत्रमाग’ नावाच्या बिनमध्ये नेऊन ठेवला असता, तर कॅलेंडरवरून यात्रेचे वर्ष काढायचे कोणाला सुचलेही नसते. १७ फेब्रुवारीला घेतलेल्या निर्णयाविषयी गटात ज्यांना थोडी साशंकता होती, त्यांनाही आज ही गोष्ट पटली.

१५ मार्च २०२५

तीन कॅसेटींमध्ये टाइमकोड मध्येच शून्यावर आलेला आढळला. त्यामुळे एकाच कॅसेटवर एकच टाइमकोड दोन ठिकाणी येतो आणि ‘कॅसेट ००९, सातवे मिनिट’ असे म्हटल्याने काहीच निश्चित होत नाही. अशा कॅसेटींच्या क्रमांकाला अ आणि ब असे भाग जोडले.

उन्हाळा वाढला आहे. दुपारी कॅप्चरचे काम बंद ठेवून सकाळी लवकर करतो, कारण जुना संगणक आणि कॅमेरा दोन्ही लवकर तापतात. खूप काळ न चाललेली कॅसेट कॅप्चरआधी एकदा टोकापर्यंत पुढे आणि मग मागे फिरवून घेतो, म्हणजे फितीचा ताण सारखा होतो. एका कॅसेटवर चित्रात चौकोन दिसू लागले, तेव्हा हेड साफ करणारी कॅसेट काही सेकंद चालवून पुन्हा कॅप्चर केले. दोन्ही वेळचे कॅप्चर जपून ठेवले असून, पहिल्यावर ‘वापरू नये’ अशी नोंद केली आहे.

२३ मार्च २०२५

नोंदी बऱ्याच पुढे गेल्यामुळे सर्च बिन्स आता भरल्या आहेत आणि माहितीपटाची पहिली जुळणी सुरू झाली. ‘कांडी’ या सर्च बिनमध्ये निरनिराळ्या कॅसेटींतल्या क्लिप्स एकत्र दिसतात: घरी अंगणात कांड्या भरणाऱ्या बायका, कारखान्यात टोपलीतून कांड्या आणून देणारा मुलगा, आणि आजोबांनी उलगडून सांगितलेला कांडी बदलाचा फेरा. त्यांपैकी पहिल्या क्लिपमध्ये बाई तेलुगूत गाणे गुणगुणते आहे, हे आम्हाला आधीच माहीत होते कारण भाषेची नोंद होती. त्यामुळे भाषांतरासाठी कोणाकडे जायचे तेही लगेच ठरले.

चित्राविषयी एक तांत्रिक निर्णय. डीव्हीचे पाल (भारतात वापरल्या जाणाऱ्या पद्धतीचे) चित्रण ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे, सेकंदाला २५ चौकटींचे आणि आंतररेषित असते, म्हणजे प्रत्येक चौकटीत दोन अर्धचित्रे वेगवेगळ्या क्षणांची असतात. स्थिर दृश्यात हे जाणवत नाही, पण धोट्यासारखी वेगवान वस्तू चौकट थांबवून पाहिली की तिच्या कडा कंगव्यासारख्या दातेरी दिसतात. मूळ क्लिप्सवर यासाठी काहीही करायचे नाही. शेवटची प्रत काढताना अर्धचित्रे वेगळी करून सेकंदाला ५० चौकटी केल्या तर धोट्याची हालचाल पूर्ण टिकते. २५ केल्या तर निम्मी हालचाल गमावतो. ज्या विषयात वेगच महत्त्वाचा आहे तेथे ५० चाच आग्रह धरावा असे माझे मत आहे.

यंत्रमागाच्या आवाजाबद्दलही गटात चर्चा झाली. पार्श्वसंगीत घालून तो आवाज झाकावा अशी एक सूचना होती. आजोबांनी आवाजावरून कांडी संपल्याचे ओळखले, तो आवाज झाकणे मला मान्य नाही. ज्या क्लिप्समध्ये आवाज फुटलेला नाही त्यांच्या ‘लॉग नोट’मध्ये ‘स्वच्छ आवाज’ हा शब्द जोडून त्याची स्वतंत्र सर्च बिन केली आहे.

५ एप्रिल २०२५

मूळ फाइलींच्या तीन प्रती झाल्या: एक कामाच्या संगणकाला जोडलेल्या डिस्कवर, दुसरी कपाटातल्या स्वतंत्र डिस्कवर, आणि तिसरी काकांच्या घरी. प्रत्येक प्रतीचे चेकसम मूळ यादीशी ताडून पाहिले आणि ते जुळले. प्रोजेक्टची फाइल आकाराने लहान असल्यामुळे तिची तारीखवार प्रत रोज संध्याकाळी ठेवली जाते.

सूचीसाठी मात्र प्रोजेक्टच्या फाइलीवर विसंबणार नाही. काही वर्षांनी हेच सॉफ्टवेअर कोणाकडे असेल, नसेल, सांगता येत नाही. म्हणून सुरुवातीपासून ठेवलेली स्प्रेडशीट साध्या मजकुराच्या स्वरूपातही साठवली आहे. तिच्यात फाइलीचे नाव, कॅसेट, टाइमकोडची दोन टोके, वर्णन, शोधशब्द, भाषा आणि तारखेचा पुरावा असे रकाने आहेत. ०२१ क्रमांकाच्या सबक्लिप्सचीही टोके तिच्यात आल्यामुळे, प्रोजेक्ट उघडता आला नाही तरी त्या सलग फाइलीतून हवे ते दृश्य काढता येईल.

पुढच्या आठवड्यात कन्ना चौकाजवळच्या एका घरातून मिळालेल्या व्हीएचएस कॅसेटी घ्यायच्या आहेत. त्यांच्यावर चित्रणाची तारीख माहितीच्या स्वरूपात नसते. कॅमेऱ्याने चित्रातच आकडे उमटवले असतील तर तेवढेच. टाइमकोडही नाही. तेव्हा त्या कॅप्चरच्या सुरुवातीपासून मोजलेल्या वेळेवरून क्लिप्सची जागा ठरवावी लागेल, आणि त्यासाठी प्रत्येक कॅसेट पहिल्या क्षणापासून न थांबवता एकाच फाइलीत घेणे आवश्यक आहे. क्रमांक १०१ पासून द्यावेत, म्हणजे दोन्ही संग्रह स्वतंत्र राहतील.